पायाखालची साथ : लूप पेडल स्वस्तातलं की भारीतलं?

मागच्या वेळी आम्ही शेळीच्या विम्याबद्दल बोललो, त्यावर बऱ्याच जणींनी केंद्रावर येऊन विचारपूस केली. आजचा विषय ऐकून त्याच मैत्रिणी म्हणतील, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? कारण विषय आहे गाण्याच्या यंत्राचा. लूप पेडल म्हणतात त्याला. पण हा विषय आम्ही हौसेनं शोधून आणलेला नाही. तो आमच्या गटाच्या मासिक सभेत कर्जाच्या अर्जातून आला, आणि त्या अर्जावर आम्ही जेवढं भांडलो तेवढं म्हशीच्या कर्जावरही कधी भांडलो नव्हतो.

आमच्या गटात पंधरा जणी. दर महिन्याला दोनशे रुपये बचत. पाच वर्षांत एक लाख ऐंशी हजार जमले, वर व्याज. त्यातले बरेचसे अंतर्गत कर्जात फिरत असतात. अर्ज आला तेव्हा बँकेत सत्तर हजारांच्या आसपास शिल्लक होती, आणि अर्ज होता पासष्ट हजारांचा. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘गाण्याच्या साथीसाठी मशीन’.

अर्ज करणारी आमच्यातलीच एक सून. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. आम्ही तिला गाणारी म्हणू. तिचं भजनी मंडळ होतं. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, गणपती, शाळेचा कार्यक्रम, सगळीकडे बोलावणं असायचं. स्वतः रचलेली गाणीही ती म्हणते. पाण्याच्या टँकरवरचं तिचं गाणं तर ग्रामसभेत म्हटलं होतं, सरपंचांसमोर. पण दोन वर्षांत मंडळ पांगलं. दोघी डाळिंबाच्या बागेत कामाला जातात, त्या संध्याकाळी उभ्या राहू शकत नाहीत. एकीचं बिऱ्हाड शहरात गेलं. एकीच्या घरी आता चालत नाही म्हणे. उरल्या ही आणि आमच्या अक्का. अक्का अडुसष्टच्या, त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. ध्रुपद धरायलाच कोणी नसेल तर भजन म्हणायचं कसं? एकटीनं ओळ म्हणायची आणि एकटीनंच झेलायची, त्यात दम जातो. बोलावणी कमी झाली. प्रत्येक कार्यक्रमाचे दीड-दोन हजार यायचे, ते थांबले.

अशात तिच्या भाच्यानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. केटी टन्स्टल नावाची स्कॉटलंडची गायिका. २००४ साली ती बीबीसीच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात ऐन वेळी बदली म्हणून गेली, कारण ठरलेला कलाकार येऊ शकला नव्हता. एकटी बाई, एक गिटार, पायाशी एक छोटी पेटी. आधी गिटारच्या लाकडावर थाप मारून ठेका भरला, मग तोंडानं एक हूंकार भरला, आणि ते सगळं पेटीतून फिरत राहिलं. त्यावर ती गाणं म्हणाली. तिची स्वतःचीच साथ तिला मिळाली. आमच्या गाणारीनं ती चित्रफीत, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, डोळे दुखेस्तोवर पाहिली.

तर ही पेटी म्हणजे काय ते सांगतो. साबणाच्या डबीएवढी लोखंडी डबी, वर पायानं दाबायचं एक बटण. एकदा दाबलं की ती आवाज भरून घ्यायला लागते. दुसऱ्यांदा दाबलं की तेवढा तुकडा वाजायला लागतो, संपला की पुन्हा पहिल्यापासून, थांबवेपर्यंत. तिसऱ्यांदा दाबलं की त्याच तुकड्यावर दुसरा आवाज चढवता येतो. मग तिसरा, चौथा. बस, एवढंच. ज्यांनी जात्यावर दळलंय त्यांना हे नव्यानं सांगायला नको. खुंटा फिरत राहतो आणि त्याच्या घरघरीवर ओवी बसते.

आता भांडण कशावरून झालं? पेटी घ्यावी की नाही यावर थोडं, आणि कोणती घ्यावी यावर फार. अक्कांचं म्हणणं, माणसाची सोबत नाही म्हणून डबीची सोबत करायची, ही काय रीत झाली? दुसरी म्हणाली, पासष्ट हजार हिला दिले आणि उद्या कोणाच्या घरी दवाखाना निघाला तर? तिचं बरोबर होतं. आम्ही कागदावर मांडलं. चोवीस हप्ते केले तरी पहिल्या महिन्याला मुद्दल दोन हजार सातशे आणि एक टक्क्यानं व्याज साडेसहाशे. म्हणजे दोन कार्यक्रम तर नुसते हप्त्यालाच. आणि पावसाळ्यात कार्यक्रम नसतात. गाणारी गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘स्वस्तातली घेऊन ती बिघडली तर तुम्हीच म्हणाल, बघ, गाण्यात पैसे घातले.’’ तिचंही खरं होतं. बायकांनी काही स्वतःसाठी मागितलं आणि ते फसलं, की ते वर्षानुवर्षं ऐकवलं जातं.

ठराव झाला की आधी बघून यायचं. आम्ही तिघी एसटीनं पुण्याला गेलो. वाद्यांच्या दुकानात पहिल्यांदा कोणी विचारेना. मुलासाठी घ्यायचंय का, असं विचारलं. स्वतःसाठी म्हटल्यावर त्या पोरानं खुर्ची दिली, हे कबूल करायला पाहिजे.

त्यानं आधी दाखवली ती हीच, पासष्ट हजारांच्या घरातली. बॉस कंपनीची आरसी-५०५, मार्क टू. ही पायाची नाही, टेबलावर ठेवून हातानं चालवायची. तिच्यात पाच वेगळे कप्पे आहेत. ठेका एकात, सूर दुसऱ्यात, कोरस तिसऱ्यात, आणि प्रत्येकाला आपापली सरकपट्टी. कोरस नको तर तेवढाच खाली ओढा, ठेका चालू राहतो. माइक सरळ लागतो. बटण जरा मागेपुढे दाबलं गेलं तरी यंत्र ते ठोक्यावर ओढून घेतं. लय वाढवता येते. भरलेलं जपून ठेवता येतं. खोटं कशाला बोला, आम्हाला ती आवडली. मग त्यानं स्वस्तातली पेटी काढली. एक बटण, एक गोल खुंटी, पाच-सहा मिनिटं भरायची सोय, एकच कप्पा. किंमत चार हजार नऊशे. गाणारीचा चेहरा पडला. ताटभर जेवण दाखवून वाटीभर भात दिल्यासारखं.

त्या पोरानंच मग एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला पटली. १९९९ साली लाइन सिक्स कंपनीची डीएल-फोर नावाची हिरवी पेटी आली, तिच्यात चौदाच सेकंदांचा लूप भरायचा, आणि तेवढ्यावर मोठमोठ्या लोकांनी गाणी केली. घरी आल्यावर भाच्यानं आणखी शोधून दिलं. अकॉर्डियन वाजवणाऱ्या अमेरिकेतल्या पॉलिन ऑलिव्हेरोस १९६०च्या दशकात टेपरेकॉर्डरांची जोडी वापरायच्या. एकावर भरलेली फीत पुढे दुसऱ्यावरून जायची, तोच आवाज थोड्या वेळानं परत यायचा, आणि त्यावर त्या नवीन सूर धरायच्या. मेरिल गार्बस नावाच्या बाईंनी २००९ साली आलेला ‘बर्ड-ब्रेन्स’ हा अख्खा संग्रह हातात मावणाऱ्या व्हॉइस रेकॉर्डरवर भरला. एड शीरनही आधी बॉसच्या साध्या लूप स्टेशनवर गायचा. स्वतःसाठी खास यंत्र बनवून घेतलं ते पुढे, नाव झाल्यावर. हे सगळं आम्ही सभेत वाचून दाखवलं. मोबाईलवर फुकटची अ‍ॅप आहेत असं एकीनं सुचवलं, तेही करून पाहिलं. पण ब्लूटूथचा स्पीकर लावला की आवाज उशिरा येतो, आणि टाळ आणि गळा यांची फारकत होते. ते सोडून दिलं.

शेवटी नऊ हजार मंजूर झाले. पेटी चार हजार नऊशे. छोटा मिक्सर, वाटणाचा नव्हे, आवाजाचा, तीन हजार दोनशे. वायरी आणि अडॅप्टर नऊशे. दहा हप्ते, एक टक्का व्याज. मुद्दल फिटत जाईल तसं व्याज कमी होतं, त्यामुळे सगळं मिळून व्याज चारशे पंच्याण्णव रुपये.

मिक्सर कशाला, हे नीट ऐका, कारण स्वस्तातली पेटी घेणारी इथंच फसते. या पेट्या गिटारसाठी बनलेल्या असतात. गिटारची वायर त्यात सरळ जाते. माइकची पिन वेगळी, आणि त्याचा आवाजही पेटीसाठी फार बारीक. कशीतरी वायर जोडून माइक लावला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. म्हणून माइक मिक्सरला लावायचा, मिक्सरच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या तोंडातून आवाज पेटीत सोडायचा, आणि पेटीतून निघालेला आवाज मिक्सरच्या दुसऱ्या खणात परत घ्यायचा. त्या दुसऱ्या खणाची ऑक्सची खुंटी शून्यावर ठेवायची. आम्ही ठेवली नव्हती. पेटीचाच आवाज पेटीत फिरून अशी शिट्टी वाजली की शेजारची म्हातारी काठी घेऊन आली.

दुसरं, अडॅप्टर. या पेटीला नऊ व्होल्टचा लागतो आणि त्याच्या पिनेत उणे टोक मधे असतं. घरातल्या राउटरचा लावायचा नाही. त्याची पिन बसते, पण पेटी जळते. वीज गेल्यावर चालावं म्हणून आम्ही पॉवर बँकेवरून नऊ व्होल्ट देणारी वायर नंतर घेतली. तिसरं, कर्णा माइकच्या तोंडावर ठेवायचा नाही. नाहीतर दुसरा थर भरताना पहिला थर कर्ण्यातून परत भरला जातो, आणि चार फेऱ्यांत नुसता गाळ.

एवढं करूनही पहिला कार्यक्रम फसला. एका बारशाचा होता. तिनं सुपावर हात घासून ठेका भरला, आठ मात्रांचा, आणि समेवर बटण दाबताना पाय जरासा उशिरा पडला. अर्ध्या मात्रेचं भोक राहिलं. आता माणूस असता तर दुसऱ्या फेरीत सांभाळून घेतलं असतं. पेटी सांभाळत नाही. ती तेच भोक दर फेरीला इमानानं परत वाजवते. गाणं लंगडत राहिलं, बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तिनं पेटी बंद केली आणि उरलेलं टाळावर म्हटलं. परत येताना रिक्षात म्हणाली, ‘‘भारीतली असती तर ओढून घेतलं असतं.’’ आम्ही काय बोलणार? खरंच ओढून घेतलं असतं.

पण भारीतली नव्हती, म्हणून तिला पाय शिकवावा लागला. पंधरा दिवस पेटीला वीजच न लावता नुसतं बटण दाबत होती, भाकऱ्या थापतानासुद्धा. पाय खाली येतो तेव्हा नाही, बटण टक करतं तेव्हा सम पडली पाहिजे, हे तिचं तिनंच शोधलं. बटण लोखंडी आणि टोकदार, देवळात तर अनवाणी पायच, तळवा दुखायचा. मग त्याच्यावर बाटलीचं प्लास्टिकचं झाकण चिकटवलं. आणखी एक अडचण पेटी बनवणाऱ्यांच्या गावीही नसेल. त्यांचा गाणारा उभा असतो. आपण भजनाला मांडी घालून बसतो. मांडी घातल्यावर पाय कुठून आणायचा? आणि हात टाळात गुंतलेले. तिनं गुडघ्यानं दाबून पाहिलं, नाही जमलं. आता ती बुटक्या स्टुलावर बसते, पदर खोचून. सुरुवातीला दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली.

आता गाण्याचं बोलू. एकच कप्पा असला की भरलेला थर नंतर वेगळा काढता येत नाही. आमच्या पेटीत शेवटचा थर तेवढा उलटवता येतो. त्यामुळे आधी काय भरायचं, याचा विचार करावा लागतो. पहिल्या पहिल्यांदा ती हौसेनं सगळं भरायची. सूप, घागर, बांगड्या, टाळ, दोन कोरस. मग तिच्याच आवाजाला उभं राहायला जागा उरेना. अक्का म्हणाल्या, ‘‘सगळ्याच बोलतात, ऐकतंय कोण?’’ त्या दिवसापासून अक्का या भानगडीत पडल्या. आपण होऊन.

टँकरचं गाणं त्या दोघींनी नव्यानं बसवलं ते असं. आठ मात्रांची चार आवर्तनं एका लूपमध्ये. आधी रिकाम्या घागरीवर ठेका, थोडा ढिला. मग अक्कांचा नुसता खालचा सूर, शब्द नाहीत. आणि ‘टँकर आला गं’ हा कोरस फक्त शेवटच्या दोन आवर्तनांत. पहिली दोन मोकळी सोडलेली. त्या मोकळ्या जागेत ती समोरून कडवं म्हणते, आणि तिचं संपलं की पेटीतून त्याच बायका ओळ उचलतात. प्रत्येक कडव्याला. ऐकणाऱ्याला वाटतं, पाचजणी तिच्याशी बोलताहेत. आणि आवाज दोनच बायांचे, दोन-तीनदा चढवलेले. एका हळदीकुंकवाला तर तिनं जमलेल्या बायांच्या टाळ्याच भरून घेतल्या आणि त्यांच्यावर गाणं म्हटलं. आपल्याच टाळ्या परत ऐकून बाया हसून बेजार. टाळ्या मागेपुढे होत्या, पण तिथं ते शोभलं.

एक गोष्ट मात्र स्वस्तातल्या पेटीला जमत नाही, आणि ती लपवून काही उपयोग नाही. आपलं भजन चढतं. विलंबित सुरू होतं आणि शेवटी टाळ आग ओकतात. पेटीची लय भरली तिथंच खिळलेली. तिनं त्यावर तोड काढली. शेवटच्या कडव्याआधी पेटी समेवर थांबवते, क्षणभर शांत, आणि मग टाळ हातात घेऊन दुपटीनं सुटते. मंडप आपोआप टाळ्या धरतो. पण दर गाण्याला तेच करता येत नाही, हे तिलाही कळतं.

खरी पंचाईत झाली ती अक्कांमुळे. श्रावणात अक्का मुलाकडे पुण्याला गेल्या, कायमच्या. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी गाणारीनं त्यांचा सूर पेटीत भरला, जात्यावर बसल्यासारखा, मिनिटभराचा. आमच्या पेटीत एकच गोष्ट राहते. नवीन भरायचं तर जुनं पुसावं लागतं. अक्का गेल्या आणि ही पुसायलाच तयार नाही. तीन आठवडे पेटी फडताळात. दोन कार्यक्रम सोडले. हप्ता आला तेव्हा आम्ही चौकशीला गेलो, तर म्हणाली, ‘‘वहिनी, बटण दाबून धरलं की अक्का जातात.’’ आता कर्ज देणाऱ्या गटानं यावर काय बोलायचं? शेवटी आम्ही पेटीच उचलून इथं रेडिओवर आणली. इथल्या मुलीनं तिच्या तोंडाला वायर लावून तो आवाज संगणकावर उतरवून घेतला. पाच मिनिटांचं काम. ते आधीच सुचायला हवं होतं. ऐका आता.

(इथे अक्कांचा आवाज ऐकवला.)

मागे बांगडी वाजली ना, ती गाणारीची.

नऊ हजारांचं कर्ज दहाव्या महिन्यात फिटलं. एकच हप्ता चुकला, त्याचा दंड दहा रुपये तिनं भरला. आता तिचा दुसरा अर्ज आलाय, पस्तीस हजारांचा. या वेळी मधल्या भावाची पेटी आहे, बॉसचीच आरसी-५००. दोन कप्पे, माइक सरळ लागतो, नव्याण्णव जागा भरून ठेवायला. पाच कप्प्यांची नको म्हणाली. टेबलावरची आहे, हात अडकतात, आणि मला पाय आलाय आता, असं तिचं कारण. अर्जाला तिनं वही जोडलीय. वर्षभरात किती कार्यक्रम, कुठे किती मिळाले, कोणत्या महिन्यात काहीच नाही, सगळं तारखेवार. पहिल्या अर्जाला यातलं काहीही नव्हतं.

सभा येत्या दहा तारखेला आहे. दुसरा एक अर्ज शिलाई मशीनला मोटर बसवायचा आलाय, तोही खरा आहे, आणि दोन्ही एकदम देण्याएवढी शिल्लक आज नाही. आमच्यात मतं फुटलेली आहेत. आमचं स्वतःचं मत आम्ही सभेत सांगू, रेडिओवर नाही.

जुनी पेटी ती गटालाच देणार आहे. ज्यांना हाताळून बघायची असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी केंद्रावर या. मिक्सर जोडलेला ठेवू. येताना सूप, तांब्या, काय वाजेल ते घेऊन या, आणि बटण दाबताना चप्पल काढा, झाकण निघतंय.